विश्लेषण : ‘सिटी ग्रुप’ गेला, मुंबई उरली... अंधेरीच्या फुटबॉल चाहत्याला आता काय हवे?

दहा महिन्यांच्या खंडानंतर ‘इंडियन सुपर लीग’ म्हणजे आयएसएल १४ फेब्रुवारी २०२६ पासून पुन्हा सुरू होत आहे. या खंडात मुंबई सिटी एफसीने मोठा भागीदार गमावला, काही महत्त्वाचे खेळाडू गमावले आणि घरच्या मैदानावरील निम्मे सामनेही गमावले. साहजिकच समाजमाध्यमांवर चर्चा सुरू आहे ती ‘आता कोणता परदेशी आघाडीपटू आणायचा’ याची. पण अंधेरीच्या मैदानावर नियमाने जाणाऱ्या चाहत्यापुढचा प्रश्न त्याहून मोठा आहे. हा संघ पाच वर्षांनी असेल का, आणि असेल तर तो कोणाचा असेल?

हंगाम लांबला कशामुळे?

मुंबई सिटीचा मागील लीग हंगाम २९ मार्च २०२५ रोजी बेंगळूरुत संपला. साखळीत सहाव्या स्थानी राहून बाद फेरी गाठलेल्या मुंबईला बेंगळूरु एफसीने ५-० असे हरवले. त्या रात्री चाहत्यांना वाटले, की वाईट काळ संपला, आता उन्हाळ्यात नवी बांधणी होईल. प्रत्यक्षात वाईट काळ तेव्हा सुरू झाला.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी ‘फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड’ यांच्यातील १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. या करारापोटी कंपनी महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये देत असे. कराराच्या नूतनीकरणाचा निर्णय वेळेत झाला नाही. महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. अखेर जुलै २०२५ मध्ये कंपनीने हंगाम स्थगित ठेवत असल्याचे क्लबना कळवले. पुढे महासंघाने व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली. नोव्हेंबरमधील मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही.

देशातील अव्वल फुटबॉल लीग चालवायला कोणीही पुढे येत नाही, हे चित्र पाहून गुंतवणूकदार हादरले नसते तरच नवल. डिसेंबरच्या अखेरीस ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ने मुंबई सिटीमधून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. लीगच्या भवितव्याबाबतची अनिश्चितता हे त्यामागचे एक कारण सांगण्यात आले. क्लबची मालकी पुन्हा संस्थापक मालकांकडे, म्हणजे अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे आली. जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ संघांच्या, ९१ सामन्यांच्या छोट्या हंगामाची घोषणा केली आणि लीगचा श्वास तात्पुरता परतला.

‘सिटी ग्रुप’ने मुंबईला काय दिले?

मँचेस्टर सिटी, न्यूयॉर्क सिटी, मेलबर्न सिटी, स्पेनमधील जिरोना अशा क्लबांचे जाळे असलेल्या या समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतील ६५ टक्के हिस्सा घेतला. त्याआधी, २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटीच्या नावावर एकही जेतेपद नव्हते. निकोलस अनेल्का आणि दिएगो फोर्लान यांच्यासारखी मोठी नावे येऊन गेली. २०१६ मध्ये संघाने साखळीत अव्वल स्थान मिळवले, पण करंडक हाती लागला नव्हता.

पुढच्या सहा वर्षांत चित्र पालटले. सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीतील अव्वल स्थानाची लीग शील्ड आणि आयएसएल करंडक अशा दोन्ही स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या. एप्रिल २०२२ मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे नमवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड मिळाली. मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ असे हरवून दुसरा करंडक आला.

हे सारे पैशांमुळे झाले, असे म्हणून हिणवणे सोपे आहे. पैसा अनेक क्लबांनी ओतला. खेळाडूंची निवड, सरावाची शिस्त, प्रशिक्षक बदलला तरी न बदलणारी खेळण्याची पद्धत, हे मुंबईला या समूहाकडून मिळाले. गेलेल्या भागीदाराला नावे ठेवण्यापूर्वी एवढे श्रेय द्यायलाच हवे.

मग चाहत्याची नेमकी खंत काय?

चार मोठ्या जेतेपदांपैकी एकही अंधेरीत निश्चित झाले नाही. पहिल्या दोन करोनाकाळात गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये मिळाल्या. २०२२-२३ ची शील्डही गोव्यातील सामन्यातच पक्की झाली. शेवटचा करंडक कोलकात्यात. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाचा अल हिलाल मुंबईच्या गटात आला. तेव्हाही ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, कारण अंधेरीचे मैदान आशियाई स्पर्धेच्या निकषांत बसत नव्हते. गेल्या दशकातील भारताच्या सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एकाचे चाहते बहुतेक आनंद टीव्ही किंवा मोबाइलच्या पडद्यावरच साजरे करत आले.

दुसरी खंत संघाच्या चेहऱ्याबाबत. २०२४ चा करंडक उंचावणारा कर्णधार राहुल भेके हा मुंबईचाच मुलगा. त्या यशानंतर काही आठवड्यांतच तो बेंगळूरुकडे गेला. अल्बर्टो नोगुएरा आणि जॉर्ज परेरा डियाझ यांनीही तीच वाट धरली. मधल्या फळीचा आधारस्तंभ अपुइया मोहन बागानकडे गेला. म्हणजे गेल्या मार्चमध्ये ५-० चा दणका बसला, तेव्हा समोर उभ्या असलेल्या संघात मुंबईचे माजी विजेतेच होते. २०२५ च्या उन्हाळ्यात दोन्ही अंतिम सामन्यांत गोल करणारा बिपिन सिंग ईस्ट बंगालकडे आणि बचावपटू मेहताब सिंग मोहन बागानकडे गेला.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडू जातात, येतात. चाहत्याचे दुखणे वेगळे आहे. गेलेल्यांच्या जागी येणारा माणूस बाजारातून येतो. तो बोरिवलीतून, मुलुंडमधून, कुर्ल्यातून क्वचितच येतो. बाजारातून घ्यायला पैसे लागतात. आणि पैसेवाला भागीदार तर आता निघून गेला आहे.

मुंबईत फुटबॉल क्लब टिकत का नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. कूपरेजवर तिच्या सामन्यांना गर्दी लोटत असे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, संघ गुंडाळला गेला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी आय-लीगमध्ये अनेक वर्षे खेळला. २०१७ मध्ये पदावनती झाली आणि तोही संपला. कापडगिरण्या, तेल कंपन्या, विमान कंपनी यांच्या संघांची कहाणी वेगळी नाही.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. संघ कंपनीचा होता. कंपनीचे मन बदलले की संघ संपला. त्याला रडणारे लोक होते, पण अडवणारे कोणी नव्हते, कारण संघावर त्यांचा कागदोपत्री किंवा भावनिक, कसलाच दावा उभा राहिला नव्हता. मुंबई सिटीची आजची स्थिती त्यांच्याइतकी वाईट नाही. संस्थापक मालक सोबत आहेत आणि संघ मैदानात उतरणार आहे. तरीही हाच इतिहास चाहत्याच्या मनात घंटा वाजवतो. दोन व्यक्तींच्या इच्छेवर उभा असलेला क्लब हा कंपनीच्या इच्छेवर उभ्या असलेल्या क्लबइतकाच नाजूक असतो.

कोल्हापूर आणि कोलकाता काय शिकवतात?

महाराष्ट्रात याचे उलट उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशा पेठांच्या आणि तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरते. तिथे मोठा मालक नाही, परदेशी प्रशिक्षक नाही. पेठेतला पोरगा पेठेच्या संघातून खेळतो आणि पेठ त्याच्या मागे उभी राहते. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. अर्थात, कोल्हापूरचे गोडवे गाताना तिथली मर्यादाही मान्य करावी लागते. एवढ्या प्रेमातूनही तिथे देशाच्या अव्वल लीगमध्ये खेळणारा व्यावसायिक क्लब उभा राहिलेला नाही. निव्वळ माया पुरेशी नसते, व्यवस्थाही लागते.

कोलकात्यात दोन्ही गोष्टींचा मेळ दिसतो. १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल हे सभासदांचे क्लब. गुंतवणूकदार बदलतात, भांडणे होतात, पण क्लब उरतो. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे ‘एटीके’ लागले, तेव्हा चाहत्यांनी तीन वर्षे विरोध सोडला नाही. २०२३ मध्ये करंडक जिंकल्यानंतर मालकाला ते नाव काढून टाकल्याची घोषणा करावी लागली. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब दुसऱ्या शहरात हलवला गेला, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. नवव्या श्रेणीपासून सुरुवात करून २०११ मध्ये त्यांनी पुन्हा व्यावसायिक लीग गाठली.

मुंबईचा क्लब उद्या सभासदांचा होईल, अशी अपेक्षा भाबडी ठरेल. पण मालकाला निर्णय घेण्यापूर्वी चाहत्यांचा विचार करावा लागेल, एवढे वजन तयार करणे अशक्य नाही. मुंबई सिटीचा ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ हा समर्थक गट वर्षानुवर्षे ढोल, झेंडे आणि घोषणांनी अंधेरीचा एक कोपरा जिवंत ठेवत आला आहे. प्रश्न आहे तो या कोपऱ्याचा विस्तार करण्याचा.

हा क्लब उपनगरांचा का व्हायला हवा?

मुंबई सिटीला ‘आयलंडर्स’ म्हणतात. गंमत अशी, की जुन्या मुंबई बेटांशी या संघाचा संबंध नावापुरता आहे. पहिली दोन वर्षे तो नेरुळमध्ये खेळला आणि २०१६ पासून त्याचे घर आहे ते अंधेरी पश्चिमेचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल. आझाद नगर मेट्रो स्थानकातून उतरून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर.

घाटकोपरच्या प्रेक्षकासाठी वर्सोव्याची मेट्रो थेट आहे. मुलुंडकर मध्य रेल्वेने घाटकोपरला येऊन तीच मेट्रो पकडू शकतो. दहिसर-बोरिवलीकडून येणाऱ्याला लोकल आहेच, शिवाय लिंक रोडवरील मेट्रो अंधेरीपर्यंत आणून सोडते. रात्री साडेनऊला सामना संपल्यावर मुलुंडचा शाळकरी मुलगा वडिलांबरोबर अकराच्या आत घरी पोहोचू शकतो. कूपरेजच्या काळात उपनगरातल्या कुटुंबासाठी हे इतके सोपे नव्हते.

खेळणारेही उपनगरांतच आहेत. बोरिवलीची आय. सी. कॉलनी, मालाडचे ओर्लेम, वांद्र्याच्या वाड्या इथे पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला जातो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा मुंबईचे, आणि त्यांच्या नावाचे मैदान आज वांद्र्यात आहे. गेल्या काही वर्षांत तासाच्या भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदाने अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पसरली. रात्री बाराला तिथे मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, बार्सिलोनाच्या जर्सी घातलेली पोरे खेळत असतात. मुंबई सिटीची निळी जर्सी त्यांच्यात शोधावी लागते. मुंबई सिटीचा खरा प्रतिस्पर्धी मोहन बागान नाही. आपल्याच गल्लीत असलेली ही उदासीनता हा आहे.

मग पाऊल कोणते टाकावे? शालेय आणि सोसायट्यांच्या स्पर्धांना क्लबचे नाव आणि प्रशिक्षक मिळावेत. मुंबई फुटबॉल संघटनेच्या लीगमधून दरवर्षी ठरावीक मुले क्लबच्या युवा संघात यावीत. पहिल्या संघाच्या २५ जणांत निदान चार-पाच मुंबईकर असावेत, असे उद्दिष्ट क्लबने जाहीर करावे. आघाडीच्या परदेशी खेळाडूच्या मानधनापुढे याचा खर्च किरकोळ आहे. फळ मात्र पाच-सात वर्षांनी दिसते. नेमका तेवढा धीर मुंबईच्या कोणत्याही क्लबने आजवर दाखवलेला नाही.

मैदानाचे काय?

अंधेरीचे मैदान महापालिकेच्या मालकीच्या संकुलात आहे. सात-आठ हजारांहून अधिक प्रेक्षक तिथे मावत नाहीत. त्याचा फायदा असा, की पाच हजार लोक आले तरी वातावरण तयार होते. याच मैदानावर २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले होते, म्हणजे चांगल्या दर्जाचे फुटबॉल तिथे होऊ शकते.

पण भाड्याच्या घरात कोणी भिंत पाडून खोली वाढवत नाही. क्लबकडे मैदानाचा दीर्घ मुदतीचा करार असेल तरच प्रेक्षागृह, प्रकाशझोत, स्वच्छतागृहे यांवर खर्च करण्याचा विचार होऊ शकतो. पालिकेलाही त्यात लाभ आहे. सामने नसलेल्या दिवशी तेच मैदान पालिका शाळांतील मुलांना ठरावीक तास मिळावे, ही अट करारात घालता येईल. मुंबई सिटीच्या भवितव्याबद्दल बोलणाऱ्यांनी पुढच्या आघाडीपटूइतकीच चौकशी या कराराचीही करायला हवी.

यंदाच्या हंगामाकडून काय अपेक्षा ठेवावी?

१४ संघ एकमेकांशी एकदाच खेळणार, म्हणून एकूण सामने ९१ आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला १३. मागील हंगामात २४ सामने होते, त्यांतले १२ घरच्या मैदानावर. यंदा घरचे सामने सहा-सातच. एवढ्या छोट्या लीगमध्ये दोन पराभवही महागात पडतात आणि सावरायला वेळ मिळत नाही.

मुंबईने सुपर कपच्या उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली, तिथे डिसेंबरमध्ये एफसी गोवाकडून पराभव झाला. म्हणजे संघ कोलमडलेला नाही. तरीही या हंगामात करंडकाची अपेक्षा धरून बसणे हे स्वतःवरच अन्याय करणे होईल. २०२२ पासून मुंबईच्या आघाडीचा चेहरा असलेला लालियानझुआला छांगटे आणि त्याच्यासारख्या मोजक्या अनुभवी खेळाडूंभोवती तरुणांना खेळवणे, त्यांना चुका करू देणे, हा या छोट्या हंगामाचा सर्वांत शहाणा वापर ठरेल. सातव्या स्थानी राहिलेला पण तीन नवे मुंबईकर घडवणारा संघ, तिसऱ्या स्थानी राहिलेल्या भाडोत्री संघापेक्षा पुढच्या काळासाठी अधिक मोलाचा असेल.

मालकांकडून एक गोष्ट मात्र आत्ताच हवी. क्लब पुढील तीन वर्षे कोणत्या पैशावर चालणार, युवा संघांचे काय होणार, नवा भागीदार शोधला जात आहे का, हे त्यांनी स्पष्टपणे सांगावे. हिशेबाची वही उघडून दाखवा, असे कोणी म्हणत नाही. घर चालवणाऱ्याने घरच्यांना परिस्थिती सांगावी, एवढीच मागणी आहे.

चाहत्याची जबाबदारी कोणती?

मालकांना प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा. गेल्या पाच वर्षांत किती सामने मैदानावर जाऊन पाहिले? मध्यरात्री जागून इंग्लंडचे सामने पाहणाऱ्या अंधेरीकराला हाकेच्या अंतरावरचा सामना लांब वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. भरलेले मैदान ही चाहत्याकडे असलेली एकमेव सौदाशक्ती आहे. प्रायोजक तेच पाहतो, पालिका तेच पाहते, विकत घ्यायला येणारा नवा भागीदारही तेच पाहील.

रोव्हर्स बंद पडली, महिंद्र गेला, मुंबई एफसी गेला, तेव्हा शहराने चार दिवस हळहळ व्यक्त केली आणि पुढची लोकल पकडली. मुंबई सिटीच्या वाट्याला तसे येऊ नये असे वाटत असेल, तर यंदाचे घरचे सहा-सात सामने महत्त्वाचे आहेत. मालकांनी मुळे रुजवावीत आणि प्रेक्षकांनी पाणी घालावे. दोन्हींपैकी एक जरी चुकले, तरी पुढच्या वेळी भागीदार निघून गेल्यावर मागे उरेल ते फक्त नाव.